कागदावरची अठरा वर्षं

पहिलं महायुद्ध चालू असताना, १२ एप्रिल १९१५ रोजी मेलबर्नमध्ये जिम मार्टिन ऑस्ट्रेलियन सैन्यात भरती झाला. अर्जावर वय लिहिलं होतं अठरा. जन्म ३ जानेवारी १९०१चा, म्हणजे खरं वय चौदा वर्षं तीन महिने.

सहा भावंडांत हा एकटाच मुलगा. वडिलांना सैन्याने नाकारलं होतं. तेव्हा मी जातो, असा पोराने हट्ट धरला. आई अमेलिया ऐकेना, तेव्हा त्याने धमकीच दिली: खोट्या नावाने भरती होईन आणि एक ओळही लिहिणार नाही. आईने संमतीपत्रावर सही केली.

त्या सहीसाठी आईला बोल लावणारे पुढेही भेटतात. पण भरतीच्या टेबलापलीकडे बसलेल्यांचं काय? त्यांनी जन्माचा दाखला मागितला नाही. एकविसाच्या आतला मुलगा असेल तर आईबापांची संमती त्यांना पुरे होती.

२१व्या बटालियनच्या कुमकेबरोबर तो जूनअखेर जहाजाने निघाला, इजिप्तला पोचला. तिथून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीकडे जाताना, २ सप्टेंबरला लेम्नॉस बेटाजवळ, 'साउथलँड' जहाजावर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो आदळला. जिम चारेक तास समुद्रात होता. ८ सप्टेंबरला तो गॅलिपोलीला उतरला.

तिथे तुर्की गोळीइतकंच भय पोटाच्या रोगांचं होतं. अरुंद टापूत हजारो माणसं, उघडे संडास, दोन्ही फळ्यांच्या मधे न पुरलेली प्रेतं, आणि या सगळ्यावरून उठून थेट जेवणावर बसणाऱ्या माशा. पिण्याचं पाणी मोजून मिळायचं. ते किनाऱ्यावरून वर चढवण्यात भारतीय खेचरपथकांचा मोठा वाटा होता. जिम घरी पत्रं धाडत होता, घरची पत्रं मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

२५ ऑक्टोबरला त्याला 'ग्लेनार्ट कॅसल' या इस्पितळ-जहाजावर हलवलं. विषमज्वर झाला होता. त्याच संध्याकाळी हृदय बंद पडलं. चौदा वर्षं नऊ महिने वयाच्या त्या मुलाचा देह समुद्राच्या स्वाधीन केला गेला. जहाजावरच्या मेट्रनने आईला पत्र लिहिलं. थडगं नसल्यामुळे त्याचं नाव गॅलिपोलीतल्या लोन पाइन स्मारकावर कोरलेलं आहे.

पहिल्या महायुद्धात मेलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणून इतिहासात त्याचीच नोंद आहे. अर्थात वय चोरणारा तो एकटा नव्हता, त्यामुळे त्याच्याहूनही लहान कुणी कागदावरच्या अठरा वर्षांआड दडलेला असू शकतो.

जिमच्या मृत्यूला वर्ष होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा, २८ ऑक्टोबर १९१६ला, ऑस्ट्रेलियात सक्तीच्या भरतीवर मतदान झालं. प्रस्ताव सुमारे ७२ हजार मतांनी पडला. पुढच्या वर्षीच्या मतदानातही तो पडला. त्यामुळे युद्ध संपेपर्यंत सरकारला स्वखुशीने येणाऱ्यांवरच विसंबावं लागलं, आणि भरती केंद्रांत आईबापांच्या सह्या जमा होत राहिल्या.