चौकोन दिसला तर लेकीला दोष देऊ नका

घरातली लेक कॉम्प्युटरवर संचांचा धडा वाचायला बसते आणि अडते. उपसंचाच्या खुणेऐवजी पडद्यावर नुसता रिकामा चौकोन! तिला वाटते, आपल्यालाच कळत नाही. पालकहो, येथे चूक मुलीची नाही, फॉन्टची आहे.

कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर क्रमांकाने ओळखतो. युनिकोडमध्ये उपसंचाच्या खुणेचा क्रमांक ८८३८ आहे. त्या क्रमांकाचे चित्र फॉन्टमध्ये असते. चित्रच नसले की चौकोन उमटतो.

जुन्या पद्धतीत याहून मोठी फसगत होई. 'सिम्बॉल' फॉन्टमध्ये इंग्रजी 'पी'च्या जागी 'पाय' ही खूण बसवलेली होती. तो फॉन्ट नसला की वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात सरळ 'पी' दिसे. चौकोन निदान चूक दाखवतो. येथे चूकच खऱ्यासारखी दिसे. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो, त्याचेही कारण हेच.

अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांना आपल्या ग्रंथातील गणिताची छपाई पसंत पडली नाही. त्यांनी १९७७ साली 'टेक' प्रणालीचे काम हाती घेतले व ती सर्वांना मोफत दिली. विज्ञान-प्रकाशन संस्थांनी मिळून तयार केलेले 'स्टिक्स' फॉन्टही २०१० पासून मोफत मिळतात.

म्हणून आम्ही म्हणतो, चौकोन दिसला तर लेकीवर रागावू नका. योग्य फॉन्ट बसवून घ्या, सूत्र छापील पुस्तकाशी ताडून पाहा. फॉन्टच्या चुकीपायी तिचे गणित सुटता कामा नये.