जपानमधला रविवार : खिशात तीन गोष्टी

शिक्षण किंवा नोकरीसाठी जपानला जायचं स्वप्न हॉस्टेलच्या दर मजल्यावर एकाला तरी पडतंच. तिथे आठवडाभर राबून रविवारी भटकायला निघालात, तर खिशात तीन गोष्टी हव्यातच.

पहिली, रेसिडेन्स कार्ड. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला ते मिळतं. घर मिळाल्यावर १४ दिवसांत महापालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही कार्ड जवळ हवं. रूमवर विसरलात तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो!

दुसरी, ‘सुइका’सारखं रिचार्जचं कार्ड. गेटला टेकवलं की झालं. टोकियोतल्या शिंजुकूहून केइओ लाइनने साधारण ५० मिनिटांत ताकाओ डोंगराचा पायथा. उंची फक्त ५९९ मीटर, पण हवा स्वच्छ असली तर वरून फुजी दिसतो. ट्रेनमध्ये मोबाइलवर गप्पा मात्र बंद!

तिसरी, रिकामी पिशवी. १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच ठिकाणच्या कचरापेट्या काढल्या गेल्या. म्हणून आपला कचरा आपणच घरी आणायचा. घरीही सुटका नाही. जळणारा, न जळणारा, बाटल्या-कॅन असं सगळं वेगळं करून ठरलेल्या वारीच बाहेर ठेवायचं. चुकलं तर पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि शेजाऱ्यांचा संशय आधी नव्या परदेशी भाडेकरूवर जातो.

पहिल्या दोन गोष्टी तिथे गेल्यावर मिळतील. तिसरीची सवय पुढच्या सिंहगड ट्रेकपासूनच लावूया ना?