‘खाजगी मेघ’ कोणाचा?

‘प्रायव्हेट क्लाउड’ या संज्ञेचे ‘खाजगी मेघ’ असे भाषांतर रूढ होत आहे आणि तेथेच अर्थ निसटतो. शासनाची संगणकप्रणाली खाजगी मेघात नेली, असे वाचताच आपला सातबारा एखाद्या कंपनीच्या हवाली झाला, अशी शंका येते. वस्तुतः येथे ‘खाजगी’ हे मालकीचे विशेषण नाही. वापर कोणापुरता राखीव आहे, एवढेच ते सांगते.

आटपाडीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील सामाईक विहीर आठवा. प्रत्येकाने स्वतंत्र विहीर न खोदता हिस्सेदार पाळीने पाणी घेतात. शासकीय खाती पूर्वी आपापले सर्व्हर घेत. ते एरवी रिकामे राहत आणि निकालाच्या दिवशी अपुरे पडत. सामाईक मेघात एका खात्याची पडून असलेली क्षमता दुसऱ्यास तत्काळ देता येते. पाणी मात्र हिस्सेदारांनाच, वाटसरूंना नव्हे. महाराष्ट्र शासनाचा असा मेघ राज्य डेटा सेंटरमध्ये उभा राहिला. केंद्राच्या उपक्रमाचे नाव तर ‘मेघराज’! दुष्काळी मुलखात हे नाव जरा बोचतेच.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागदी फायली भस्मसात झाल्या. मेघातील नोंदींची दुसरी प्रत दूरच्या केंद्रात ठेवता येते. ती ठेवली नाही, तर सामाईक विहिरीची मोटार जळताच सर्वांचीच पिके वाळतात.

मालकीचा प्रश्न खराच, पण त्याचे उत्तर यंत्रणा चालविणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात शोधावे लागते, ‘खाजगी’ या शब्दात नव्हे. म्हणूनच ‘राखीव मेघ’ हा पर्याय मला अधिक नेमका वाटतो.