धनुर्वाताचं इंजेक्शन आता कशाला?

बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढतं. मग जबडा आवळतो, दूध ओढणं थांबतं, अंग ताठ होऊन झटके येतात. पाचवीच्या सुमारास असं झालं की सटवाईचा कोप मानला जाई. खरं कारण नाळेच्या जखमेत शिरलेला धनुर्वाताचा जंतू.

‘शेण किंवा राख लावली की नाळ लवकर सुकते,’ या समजानं किती बाळं घालवली असतील! हा जंतू मातीत आणि गुरांच्या आतड्यांत असतो, म्हणजे शेणातून तो थेट उघड्या जखमेवरच येतो. गंजलेल्या लोखंडाला उगाच दोष देतात. स्वच्छ दिसणाऱ्या विळ्यावरही जंतूची बीजं असू शकतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. स्वच्छ हातांनी बाळंतपण कसं करायचं, गरोदरपणात धनुर्वाताची लस का घ्यायची, हे या बायका घरोघरी सांगू लागल्या. शेजारणीनं सांगितलेलं सुनेला आणि सासूलाही पटतं. माझ्या मते जामखेडचं मोठेपण इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 1988 मध्ये जगात सुमारे 7 लाख 87 हजार नवजात बाळं धनुर्वातानं दगावली. पुढच्याच वर्षी त्याच्या निर्मूलनाचा जागतिक ठराव झाला. भारतानं हे उद्दिष्ट 2015 साली गाठलं.

‘मग आता इंजेक्शन कशाला?’ कारण निर्मूलन म्हणजे रोगाचा नायनाट नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा धनुर्वात, एवढाच त्याचा अर्थ. जंतू मातीत आहे आणि राहणार. शिवाय हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजारीण लस घेते म्हणून आपलं बाळ वाचत नाही. आईच्या शरीरात लशीनं तयार झालेली प्रतिकारद्रव्यं वारेतून पोटातल्या बाळाला मिळतात आणि पहिले काही आठवडे त्याला राखतात.

लशीनं वंध्यत्व येतं, गर्भ पडतो, ही निव्वळ अफवा आहे. ‘पहिल्या खेपेला घेतलं होतं, आता नको’ हेही चुकीचं. मागच्या गरोदरपणातले दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर एक बूस्टर लागतो. नाहीतर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. 2019 पासून टीटी या धनुर्वाताच्या जुन्या लशीच्या जागी टीडी ही लस मिळते, ती घटसर्पापासूनही वाचवते.

मला काळजी वाटते ती कोयत्याला जाणाऱ्या बायकांची. पाथर्डी-जामखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि पहिला डोस गावी झालेला असला तरी दुसरा राहून जातो. कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही तो मोफत मिळतो. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. पुढचा डोस कधी द्यायचा, हे तिथल्या नर्सला त्यावरून कळेल.