मत्स्यालयातील अतिनील दिवा आणि पंप

मत्स्यालयाचे पाणी निर्जंतुक करणाऱ्या नळीत सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण देणारा दिवा असतो. किरणांची मात्रा त्यांच्या तीव्रतेइतकीच पाणी दिव्याजवळ किती काळ राहते यावरही अवलंबून असते. म्हणून पंप जितका जोरकस तितका चांगला, हा समज येथे घातक होय. वेगवान प्रवाहातून रोगजंतू जिवंत निसटतात. पाणी हिरवे करणारी शैवले थोड्या मात्रेने नष्ट होतात; माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठविणाऱ्या आदिजीवास पुष्कळ अधिक मात्रा लागते, आणि तोही पाण्यात पोहत असतानाच किरणांपुढे येतो. पंपावर छापलेला प्रवाह बहुधा पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. उंचीबरोबर तो घटतो. तेव्हा परतणारे पाणी बादलीत धरून पाहावे. १० लिटरची बादली २ मिनिटांत भरली, तर प्रवाह ताशी ३०० लिटर. दिव्याच्या निर्मात्याने त्या रोगासाठी दिलेल्या मर्यादेहून तो अधिक नसावा.