मेंडोटाकाठची पावणेदोनशे वर्षे

फेब्रुवारी 1849 मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन गावात विस्कॉन्सिन विद्यापीठाचा पहिला वर्ग भरला तेव्हा विद्यार्थी होते 17 आणि शिकवायला एकटे जॉन स्टर्लिंग. दोन वर्षांनी टेकडीवर नॉर्थ हॉल उभा राहिला. खाली मेंडोटा तलाव. हा काठ हो-चंक लोकांचा. 1832च्या कराराने त्यांना तो सोडावा लागला. त्यांच्या पूर्वजांनी पशुपक्ष्यांच्या आकारात रचलेले मातीचे उंचवटे विद्यापीठाच्या आवारात आजही आहेत.

विद्यापीठाची खरी कीर्ती झाली ती दुधामुळे. 1890 साली तिथल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातला स्निग्धांश मोजायची सोपी रीत शोधली आणि तिचे पेटंट घेतले नाही. पाणी घालणारा उघडा पडू लागला, सकस दूध घालणाऱ्याला रास्त भाव मिळू लागला. आपल्याकडे डेअरीवर फॅट पाहून दुधाचे पैसे मिळतात, त्यामागचा विचार हाच. विस्कॉन्सिन दुधाचे राज्य झाले.

त्याच सुमारास विद्यापीठातलेच एडवर्ड बर्ज मेंडोटा तलावातले सूक्ष्म जीव मोजत होते. पुढे चॅन्सी जुडे त्यांना येऊन मिळाले. कोणत्या खोलीवर पाणी किती गार, त्यात प्राणवायू किती, हे दोघे चिकाटीने नोंदवत राहिले. अमेरिकेतल्या सरोवरविज्ञानाचा पाया असा घातला गेला. बर्ज 1918 ते 1925 विद्यापीठाचे अध्यक्षही होते. 1963 मध्ये आर्थर हॅस्लर यांच्या पुढाकाराने अगदी पाण्यालगत प्रयोगशाळा झाली.

या नोंदींनी विद्यापीठालाच अवघड सत्य दाखवले. ज्या गोठ्यांची भरभराट त्याच्या कृषी महाविद्यालयाने घडवली, त्यांचे शेण शेतात पडते, पावसाबरोबर त्यातले फॉस्फरस तलावात उतरते आणि उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवे होते. वरच्या गावांचे सांडपाणी 1971 साली दुसरीकडे वळवले, तरी शेतांतून येणारे फॉस्फरस थांबले नाही.

तलावावरच्या बर्फाच्या नोंदी तर 1850च्या दशकापासूनच्या आहेत. तेव्हा तलाव सुमारे चार महिने गोठलेला असे. आता बहुतेक हिवाळ्यांत तीनही भरत नाहीत. 2001-02 मध्ये तर जेमतेम तीन आठवडे.

दुधाच्या शोधाइतकाच मोठा मान मी या नोंदींना देतो. आपल्या कर्तबगारीचे दुष्परिणाम विद्यापीठाने स्वतःच मोजले आणि लोकांपुढे ठेवले. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेकडून आपण एवढी अपेक्षा ठेवायलाच हवी.