चिपीला उतरताना कोणती खिडकी घ्यावी?

परुळे-चिपीच्या सड्यावरचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि मालवणचा किनारा आकाशातून पाहायची सोय झाली. पण खिडकी मिळाली म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला दिसेलच असं नाही. त्यासाठी दिशा, वारा, पंख आणि ऊन या चार गोष्टींचा मेळ बसवावा लागतो.

आधी दिशा. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की डावी खिडकी म्हणजे ‘ए’, आणि उजवी म्हणजे रांगेतलं शेवटचं अक्षर. मुंबईहून दक्षिणेला येताना डावीकडे पूर्व असते, उजवीकडे पश्चिम. विमान जमिनीवरून आलं तर डावीकडे सह्याद्री आणि उजवीकडे किनारा दिसतो. समुद्रावरून आलं तर किनारा डावीकडे येतो.

खरी मौज उतरताना. चिपीची अडीच किलोमीटरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान समुद्राकडून आत येत असेल तर डावी खिडकी उत्तरेला, म्हणजे मालवणकडे उघडते. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरून नुसती तटाची रेघ वाटतो. वरून मात्र तटाची नागमोडी वळणं आणि बाहेर आलेले बुरूज ओळखू येतात. मग तारकर्लीची वाळू आणि तिच्या टोकाला देवबाग: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीचं पात्र, मधे माडांची निमुळती पट्टी. ती संपते तिथे कर्ली समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे लागतं. उजव्या खिडकीत असतात निवती आणि दूरवर वेंगुर्ल्याचे खडक.

दुसरी गोष्ट वारा. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊनच उतरतं आणि उडतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की उड्डाण पश्चिमेकडे होतं. तेव्हा मालवण उजवीकडे येतं. लक्षात ठेवायला सोपं आहे: विमानाचं नाक समुद्राकडे असेल तर किल्ल्यासाठी उजवी खिडकी, पाठ समुद्राकडे असेल तर डावी. पूर्वेकडून उतरलं तर मात्र किल्ला लांबच राहतो.

तिसरी गोष्ट पंख. चिपीची पहिली नियमित सेवा एटीआर ७२ या विमानाने सुरू झाली. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचा मुलूख मोकळा दिसतो. हे विमान २५ हजार फुटांच्या वर जात नाही, म्हणून खाड्या नि गावंही ओळखता येतात. पुढच्या-मधल्या रांगांना इंजिन आणि पंखा आडवा येतो. मागच्या रांगा उत्तम. गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणाऱ्या मोठ्या जेट विमानांचे पंख खिडक्यांच्या खाली असतात. तिथे मधली रांग टाळावी आणि पुढची घ्यावी, कारण मागच्या खिडक्यांसमोर इंजिनाच्या गरम झोताने दृश्य थरथरतं.

शेवटी ऊन. मुंबईहून सकाळी निघाल्यास डाव्या खिडकीत ऊन डोळ्यांवर येतं, पण विमान पूर्वेला वळलं की ती खिडकी उत्तरेकडे होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन पाठीमागून पडतं आणि पाण्याचे रंग खुलतात. पावसाळ्यात ढग आड येतात, मार्च-एप्रिलमध्ये हवा धुरकट होते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतल्यासारखी असते आणि सडेही थोडे हिरवे असतात.

तेव्हा मुंबईहून सकाळी येणार असाल तर मागची डावी खिडकी मागा, चिपीहून दुपारी निघणार असाल तर मागची उजवी. किनारा जेमतेम काही मिनिटं जवळ असतो. पट्टा बांधायची सूचना झाली की फोन खिशात ठेवा आणि बाहेर बघा.